चुलते म्हणतात "हा आमच्या भावाचा नव्हे": दावा कुणी लावायचा?

तुमची अडचण अशी: शेत कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, वडील वारले, वारसा लावायला अर्ज दिला आणि दोन चुलत्यांनी तहसीलदारांकडे "हा आमच्या भावाचा मुलगाच नव्हे" अशी हरकत घेतली. आता दावा आईनं लावायचा की तुम्ही, आणि डीएनए मागायचा का?

दावा तुम्हीच लावायचा. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३४ प्रमाणे ज्याचा कायदेशीर दर्जा किंवा मिळकतीतला हक्क नाकारला जातो त्यालाच डिक्लरेशन, म्हणजे तो दर्जा किंवा हक्क असल्याचं कोर्टाचं जाहीर करणं, मागता येतं, तेही नाकारणाऱ्याविरुद्ध. वडिलांचा मुलगा असणं हा तुमचा दर्जा आहे, आईचा नव्हे. तुम्ही अज्ञान (वयानं लहान) असता तर आईनं वादमित्र म्हणून तुमच्या नावानं दावा लावला असता. तेव्हाही वादी तुम्हीच. आता ती पक्षकारही हवी आणि साक्षीदारही.

पण नुसतं डिक्लरेशन मागू नका. त्याच कलमाचं परंतुक (जोडलेली अट) सांगतं की पुढची मागणी करता येत असूनही ती केली नाही तर डिक्लरेशन मिळत नाही. म्हणून सोबत वाटणी आणि ताबा मागा. त्यामुळे कोर्टही ठरतं: जमीन जिथे तिथलं दिवाणी न्यायालय. एखादा चुलता महाराष्ट्रात चंदगडला राहत असला तरी फरक पडत नाही, समन्स तिकडे जाईल. बेळगावच्या कुटुंब न्यायालयात जाऊ नका. मिळकतीचा वाद तिथे फक्त नवरा-बायकोतला चालतो, चुलत्यांशी वाटणी तिथे होणार नाही.

आता पक्षकार. इथे घाई केली की पुढे सगळं बिघडतं. कलम ३५ प्रमाणे डिक्लरेशन दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असतं. आई, बहिणी, दोन्ही चुलते आणि जमीन आजोबांपासून अविभक्त असेल तर सगळ्या आत्याही घ्या. लग्न होऊन गेलेल्या आत्याला वगळायची भावकीतली सवय वाटणीच्या दाव्यात घातक ठरते.

डीएनए स्वतःहून अजिबात मागू नका. आई-वडिलांच्या लग्नाच्या काळात, किंवा लग्न संपल्यावर आई अविवाहित असताना २८० दिवसांच्या आत जन्म झाला असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे (१ जुलै २०२४ पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११२) तुम्ही त्यांचेच औरस, म्हणजे कायदेशीर अपत्य. हे मोडायला गर्भधारणेच्या काळात आई-वडिलांची भेट होणंच शक्य नव्हतं हे चुलत्यांना सिद्ध करावं लागेल. आईच्या चारित्र्यावर कितीही चिखलफेक केली तरी त्यानं ते सिद्ध होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की भेटीची शक्यता नव्हती हे सिद्ध होईपर्यंत औरसपणा आणि पितृत्व वेगळं करता येत नाही. म्हणून जोर लग्नाच्या पुराव्यावर द्या: लग्नपत्रिका, भटजी किंवा वऱ्हाडी साक्षीदार, रेशनकार्ड, मतदारयादी, एकत्र राहिल्याचे कागद. बाळंतपण माहेरी चंदगड किंवा गडहिंग्लजकडे झालं असेल तर जन्मनोंद तिकडे मिळेल; मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर करून घ्या.

आई दुसरी बायको असेल आणि पहिली त्या वेळी हयात होती, तर चित्र बदलतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे तुम्ही औरसच, पण वडिलार्जितात थेट सहदायक, म्हणजे जन्मानंच वाटेकरी, नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२३ च्या निकालाप्रमाणे आधी वडिलांचा हिस्सा कल्पित वाटणीनं (त्यांच्या मृत्यूआधी वाटणी झाली असं मानून) काढायचा आणि त्या हिश्श्यात तुमचा वाटा. वाद कर्नाटकातलाच होता, वकिलांना तो निकाल दाखवा.

मुदत जपा. डिक्लरेशनला हक्क पहिल्यांदा नाकारल्यापासून तीन वर्षं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून वाट्यासाठी बारा वर्षं असली तरी त्या भरवशावर थांबू नका. तहसीलदार पितृत्व ठरवू शकत नाहीत. पण चुलत्यांच्या हरकतीची नक्कल त्यांच्याकडून आजच काढा. नाकारल्याचा पुरावा आणि मुदतीची तारीख दोन्ही त्या कागदावर आहेत.