कॉलेजच्या बागेसाठी हर्बेरियम: फोटो असताना वाळके नमुने कशाला?

कॉलेजच्या वनस्पती उद्यानाला जोडून हर्बेरियम, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह, करायचा आहे, पण फोनवर फोटो निघत असताना वाळक्या फांद्या कशाला जपायच्या, असं तुम्ही विचारलंय. कराच, आणि याच पावसाळ्यात सुरुवात करा.

कोकणातली झाडं वाळवून ठेवण्याचं काम फार जुनं आहे, फक्त संग्रह कोकणात राहिले नाहीत. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी बाग निघाली. पुढे ती सांभाळणारे अलेक्झांडर गिब्सन आणि त्यांचे सहकारी निकोल डालझेल यांनी १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ छापला. डालझेलांनी कोकणात खूप गोळा केलं. आपल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, दीपकाडी या कंदवर्गीय रोपाचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यांचंच. त्यांचे नमुने मात्र इंग्लंडात क्यूच्या वनस्पती उद्यानात गेले. वनस्पतींचे अभ्यासक थिओडोर कुक यांनीही निवृत्तीनंतर क्यूला बसूनच मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिली (१९०१ ते १९०८). मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ चं. पुण्याचा बीएसआयचा (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा) संग्रहही मोठा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांनी आपल्याच सड्यावरचं गवत ओळखायला पुणं-मुंबई गाठायची, हे मला खटकतं.

आता फोटोचं. सड्यावरचं गेंद हे छोटं रोप घ्या. त्याच्या कित्येक जाती लांबून सारख्याच दिसतात. फुलाचे बारीक भाग आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. फोटोतलं फूल उघडून बघता येत नाही, शीटवरचं, म्हणजे हर्बेरियमच्या कागदावर चिकटवलेलं, शंभर वर्षांनीही येतं. शिवाय चिऱ्याच्या खाणीत तो सडा गेला, तर तिथे काय उगवायचं याचा पुरावा ती शीटच.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. पावसात प्रेसमधले (रोपं दाबून वाळवायच्या फळ्यांमधले) कागद रोज बदला, पहिले दोन दिवस तर दोनदा. जमलं तर बल्बच्या उबेवर वाळवा, नाहीतर बुरशी धरतेच. सीतेच्या आसवांसारखी नाजूक रोपं पाण्याच्या ताटात तरंगवून खालून कागद सरकवत उचला. त्यांचा जांभळा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून रंग तिथल्या तिथे वहीत लिहा. लेबलवर गाव, वाडी, तारीख, जमीन कसली, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक हवाच. लेबल नसलेली शीट अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी.

प्रत्येक नमुन्याची जोडशीट करून एक पुण्याला तपासायला पाठवा. वनखात्याच्या जमिनीवर आधी परवानगी घ्या. दीपकाडीसारख्या दुर्मिळ रोपाचा कंद उपटू नका. फुलाचा दांडा आणि एखादं पान पुरे, कंदाचं वर्णन लेबलवर लिहा.