स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर पुंजी मोकळी करावी का?

प्रश्न : वय 58, पत्नी 54. अकरा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे डावी किडनी काढली. यंदा त्याच कॅन्सरच्या तीन गाठी स्वादुपिंडात निघाल्या. पूर्ण स्वादुपिंड काढावं लागलं. पाच महिने झाले, स्कॅन स्वच्छ आहे. पुंजी 14 वर्षांच्या घरखर्चाइतकी आहे. हातात दोन-तीन वर्षंच धरून मुलाचं गृहकर्ज फेडावं (त्यात सहा वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम जाईल), आयुर्विमा सरेंडर करावा आणि पेन्शन जास्त मिळते म्हणून फक्त माझ्या नावाची घ्यावी, असं ठरवतोय.

उत्तर : कृपा करून कुठेही सही करू नका. तुमचे तिन्ही निर्णय 'दोन-तीन वर्षं' या एका आकड्यावर उभे आहेत आणि तो आकडा तुमच्या आजाराचा नाही. तो स्वादुपिंडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरचा आहे. पॅथॉलॉजी रिपोर्टमधली निदानाची ओळ वाचा. तिथे 'मेटास्टॅटिक क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा' असं असेल, तर गाठ स्वादुपिंडात सापडली तरी ती किडनीचीच. ती सहसा सावकाश वाढते. किडनी काढल्यावर दहा वर्षांनी उगवणं हे तिचं नेहमीचंच वागणं. अशा शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण प्रकाशित अनुभवांत साधारण निम्म्यापासून तीन चतुर्थांशापर्यंत आहे. हे रुग्ण शस्त्रक्रियेला योग्य म्हणून निवडलेले असतात आणि आजार पुष्कळांना पुन्हा होतो, हेही खरं. म्हणून हिशेब दोन मुदतींचा करा : पाच वर्षं आणि वीस वर्षं. दोन्हींत टिकेल तोच निर्णय घ्या.

पेन्शन या कसोटीला लगेच नापास होते. दोन-तीन वर्षंच उरली असं खरंच मानत असाल, तर एकट्याच्या नावाची पेन्शन सगळ्यात तोट्याची, कारण ती तुमच्याबरोबर थांबते. जास्त जगलात तरी पत्नी चार वर्षांनी लहान आहे. संयुक्त पर्यायच घ्या, म्हणजे तुमच्यानंतरही पत्नीला पेन्शन चालू राहते.

विमाही ठेवा. या आजारानंतर नवा आयुर्विमा मिळणं जवळजवळ अशक्य. हप्ता जड होत असेल तर पॉलिसी पेड-अप (पुढचे हप्ते बंद, विमा कमी रकमेचा पण चालू) होते का ते विचारा, हप्तामाफीचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेली जादा सोय, आहे का तेही पाहा.

कर्जाचं गणित साधं आहे. परतावा आणि महागाई सारखे धरले, तर आजची पुंजी 72व्या वर्षापर्यंत पुरते. कर्ज फेडल्यावर 66व्या वर्षापर्यंतच. यात औषधं अजून धरलेली नाहीत. मुलगा कमावता असेल तर त्याला हप्ते भरू द्या. मदत करायचीच असेल, तर दोन वर्षं स्कॅन स्वच्छ आल्यावर, एका वर्षाच्या घरखर्चाइतकीच.

औषधांचा खर्च मात्र बारकाईने मांडा, कारण घरोघरी फसतं ते इथेच. स्वादुपिंड नसल्यामुळे इन्सुलिन कायमचं. साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही आता स्वादुपिंडातून मिळत नाही, त्यामुळे साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. साखर मोजायच्या सेन्सर किंवा स्ट्रिप्सवर काटकसर करू नका. पाचक एन्झाइमच्या 25,000 युनिटच्या कॅप्सूल जेवणाला दोन-तीन, मधल्या खाण्याला एक, असं धरलं तर दिवसाला सहज आठ, म्हणजे वर्षाला जवळपास 3,000. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. शिवाय स्कॅन, आणि तेही पाच वर्षांनी बंद न होणारे.

आजार परतला तर सुनिटिनिब, पाझोपानिब, कॅबोझँटिनिबसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात. आरोग्यविमा फक्त दाखल झाल्यावरचाच खर्च देतो की घरी घ्यायच्या गोळ्यांचाही, हे लेखी मागा. नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. पुंजीचा किमान पाचवा भाग यासाठी बाजूला ठेवा, लगेच मोडता येईल अशा ठेवीत. दोन वर्षांचा घरखर्चही तसाच. उरलेल्यातला काही भाग इक्विटीत (शेअर्स किंवा त्यांच्या फंडांत) असू द्या. वीस वर्षांची शक्यता धरली की तो लागतो.

सर्जनना चार गोष्टी विचारा : काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त निघाल्या का, लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) कॅन्सर होता का, इतर अवयव मोकळे आहेत का, पुढचा स्कॅन कधी. पेन्शनचा पर्याय कळवायची शेवटची तारीखही आजच काढा आणि जमलं तर पर्याय पुढचा स्कॅन झाल्यावरच कळवा. बहुतेक योजनांत एकदा दिलेला पर्याय बदलता येत नाही.