नैरोबीला येतोयस, तर आधी फ्रिज उघडून बघ

समीर, तू दोन गोष्टी विचारल्यास. मुंबईत सात वर्षं लोड फोरकास्टिंग, म्हणजे विजेच्या मागणीचा अंदाज बांधण्याचं काम केल्यावर इथल्या वीज-नियोजनाच्या कामात नवं काय, आणि बायकोला आत्ताच आणावं का.

दुसरं आधी सांगते. डिपेंडंट पासवर, म्हणजे तुझ्यावर अवलंबून म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर, तिला नोकरी करता येणार नाही, स्वतंत्र परमिट लागतं. ते हातात पडेपर्यंत तिने मुलुंडची शाळा सोडू नये.

आता काम. तिकडे तू तापमान बघून एसीचा अंदाज बांधतोस. नैरोबी जवळपास १,८०० मीटर उंचीवर, हवा थंड. आमच्या घरात पंखासुद्धा नाही. इथली सर्वाधिक मागणी दिवेलागणीनंतर, आणि मध्यरात्री ती इतकी उतरते की ओल्कारियाच्या भूऔष्णिक केंद्रात जमिनीतून आलेली वाफ हवेत सोडून द्यावी लागते. पहिल्यांदा ते पांढरे लोट पाहिले तेव्हा जीव हळहळला. आपल्या भिरा जलविद्युत केंद्रासारखं धरणात पाणी अडवून ठेवता येतं, वाफ कुठे ठेवणार?

मागणी फुगवून धरल्याचे परिणाम इथे ढळढळीत दिसतात. २०१३ मध्ये केनियाच्या सरकारने ४० महिन्यांत वीजनिर्मितीची क्षमता ५,००० मेगावॉटने वाढवायचं ठरवलं. २०१७ साली सर्वाधिक मागणी होती १,७०० मेगावॉटच्या आसपास. तुर्काना सरोवराजवळचा ३१० मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प त्याच वर्षी उभा राहिला, पण पारेषण वाहिनी जोडली गेली २०१८च्या सप्टेंबरात, आणि उशिराचा भुर्दंड सरकारच्या माथी. तुला एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आठवेल: वीज घ्या नाहीतर नका घेऊ, पैसे मोजा. तसले करार ओळीओळीने वाचता येणारा माणूस इथे हवाच आहे.

पण याची उलटी बाजूही आहे. पश्चिमेला किसुमू शहराकडे एका दुकानदारीणबाईने मला तिचा फ्रिज उघडून दाखवला. आत मक्याचं पीठ आणि मुलांच्या वह्या, प्लग काढलेला! मोबाइलवरून पैसे भरायचे, वीस आकडी टोकन मीटरवर दाबायचं, युनिटं संपली की अंधार. म्हणून बाई फक्त एक बल्ब आणि गिऱ्हाइकांचे फोन चार्जिंगला लावते. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर. आमच्या तक्त्यात मात्र ते ‘वीज पोचलेलं घर’. तिची मागणी कमी आहे की ऐपतीअभावी दबलेली, यावर ऑफिसात रोज वाद होतात. मला विचारशील तर जोडण्यांच्या संख्येला सरासरी वापराने गुणून मोकळं होणाऱ्याला महिनाभर खेड्यात पाठवावं. कोळशाचं पोतं किती दिवस पुरतं हे विचारल्याशिवाय वीस वर्षांचा आराखडा करणं म्हणजे नुसती चित्रकला.

म्हणून सही करण्याआधी करारात फील्डचे दिवस आणि गाडी लिहून घे. माझ्या पहिल्या कंपनीने तोंडी कबूल केलं होतं. वर्षभर एक्सेलसमोर बसून काढलं.

आणि हो, घरचा कुकर आण. या उंचीवर तूरडाळीला एखादी शिट्टी जास्तच लागते. प्लगचा अडॅप्टर इथे घे, तीन चपट्या पिनांचा असतो.