कोल्ड प्लाझ्माने कोरोनासारखे विषाणू खरंच मरतात का?

निष्क्रिय होतात, पण पृष्ठभागावरचे. कोल्ड प्लाझ्मा म्हणजे विजेच्या ऊर्जेने विद्युतभारित केलेला, पण फारसा न तापणारा वायू. 2020 मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी प्लास्टिक, धातू, पुठ्ठा, चामडं यांवरचा कोरोना विषाणू आर्गॉन वायूपासून केलेल्या प्लाझ्माच्या झोताने 3 मिनिटांच्या आत निकामी केला. बराचसा तर पहिल्या 30 सेकंदांतच. आर्गॉनऐवजी हेलियम वापरल्यावर मात्र फारसं काही झालं नाही. कारण काम गॅस करत नाही. झोत हवेत मिसळताना ऑक्सिजन-नायट्रोजनचे जे क्रियाशील रेणू तयार होतात, ते करतात. हेलियममध्ये ते कमी पडले. उपकरणाचं नोझल (झोत बाहेर पडतो ते तोंड) लांब धरलं तर हे रेणू वाटेतच विरतात, आणि झोत भराभर फिरवला तर मात्रा पुरत नाही.

जखमांसाठीची पेनसारखी उपकरणं जर्मनीत रुग्णांवर वापरतात. झोताचं टोक साधारण 40 अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात. फुप्फुसातल्या संसर्गावर हा इलाज नव्हे. प्लाझ्मामुळे हवेत तयार होणारा ओझोन, म्हणजे श्वासाला त्रासदायक वायू, बंद खोलीत साचतो, तेव्हा हवा खेळती हवीच.