अंगणवाडी सेविकांना किमान वेतन का मिळत नाही?

कारण कागदोपत्री त्यांना ‘वेतन’ मिळतच नाही, ‘मानधन’ मिळतं. सगळी मेख या एका शब्दात आहे.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना (अंगणवाड्या याच योजनेतून चालतात) सुरू झाली तेव्हा सेविका म्हणजे गावातली मानसेवी, म्हणजे पगारी नोकर नव्हे तर सेवा म्हणून काम करणारी कार्यकर्ती, असं धरलं गेलं. मानसेवी म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्नच उरत नाही. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, मदतनिसाचं १,५०० वरून २,२५०. त्यावर राज्यं आपापली भर घालतात, म्हणून राज्याराज्यांत एवढा फरक दिसतो.

आता काम बघा. मुलांची वजनं-उंची घ्यायची, आहार द्यायचा, पूर्वप्राथमिक शिकवायचं, गरोदर बायकांच्या घरी जायचं आणि हे सगळं ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाइल ॲपवर भरायचं. रडणारं पोर एका हाताने काट्यावर धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर आकडा टाकणाऱ्या बाईला मानसेवी म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

२०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने (सरकार, मालक आणि कामगार संघटनांची बैठक) योजना कर्मचाऱ्यांना, म्हणजे अंगणवाडीसारख्या सरकारी योजनांत राबणाऱ्यांना, कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी (काम सोडताना मिळणारी सेवेची रक्कम) लागू असल्याचा निकाल देताना त्यांचं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच ठरवलं. हा मोठा आधार आहे. पण तो ग्रॅच्युइटीपुरता. किमान वेतनासाठी सरकारने आधी त्यांना कामगार मानायला हवं, आणि केंद्राचा वाटा वाढायला हवा. नुसत्या राज्याच्या तिजोरीवर हे निभणार नाही.