वाचकांचे प्रश्न : मॉडेल कारचा बिघडलेला रंग आणि इतर दुखणी

प्रश्न : १/२४ प्रमाणाच्या किटची (सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेल गाडीची) बॉडी लाल प्लॅस्टिकची होती. राखाडी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून त्यावर पांढरा लॅकर (पटकन वाळणारा रंग) स्प्रे मारला. दोन दिवसांत गाडी गुलाबी झाली. आणखी दोन हात दिले, तरी गुलाबीच. काय करावं?

उत्तर : तिसरा हात देऊ नका, उपयोग होणार नाही. लाल प्लॅस्टिकमधलं रंगद्रव्य लॅकरच्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवात, विरघळतं आणि सॉल्व्हंट उडून जाताना त्याच्याबरोबर वर येतं. म्हणजे तुम्ही दिलेला प्रत्येक नवा हात खालचा लाल आणखी थोडा वर ओढतोय. साधा प्रायमर त्याला अडवेलच असं नाही.

आता रंग उतरवणं भाग आहे. झाकणाच्या डब्यात ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, बॉडी पूर्ण बुडवा आणि काही तासांनी जुन्या टूथब्रशने घासा. निघाला नाही तर रात्रभर राहू द्या. किटच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला त्याने काही होत नाही. पण अल्कोहोल पटकन पेटतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको. मग भांड्यांच्या साबणाने धुऊन बॉडी पूर्ण वाळवा.

नव्याने रंगवताना आधी प्रायमर, त्यावर चंदेरी रंगाचे दोन पातळ हात, एक दिवस थांबा, मग पांढरा. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्या कौलांसारख्या एकमेकींवर बसतात आणि लाल रंगाची वाट अडवतात. पांढऱ्याचे हातही पातळच हवेत, कारण ओला जाड थर म्हणजे जास्त सॉल्व्हंट. मुख्य बॉडीला हात लावण्यापूर्वी हा सगळा क्रम त्याच किटच्या रिकाम्या फ्रेमवर (सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) करून बघा. दोन दिवसांनी ती पांढरी राहिली, तरच पुढे जा.

प्रश्न : स्प्रे कॅनने रंगवलं की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. जवळून मारलं तर ओघळ येतात. मधलं अंतर सापडत नाही.

उत्तर : अंतर साधारण १५ ते २० सेंटिमीटर ठेवा, पण तुमच्याकडे गडबड बहुधा एकट्या अंतराची नाही. लांबून मारलेला थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पसरत नाही, म्हणून साल दिसते. जवळून मारलं की रंग मावेनासा होतो आणि ओघळतो. कॅन थंड असेल तर दाब कमी पडतो, थेंब मोठे निघतात आणि योग्य अंतरावरूनही साल येते. म्हणून कॅन हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात, साधारण ४० अंश सेल्सिअस, पाचेक मिनिटं उभा ठेवा. उकळतं पाणी किंवा गॅसची शेगडी अजिबात नको, कॅन फुटतो. नंतर दोन मिनिटं चांगला हलवा आणि बाहेरचं पाणी पुसा, नाहीतर एक थेंब नेमका बॉनेटवर पडतो.

पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसत राहील. घाई नडते ती इथेच; पहिल्याच हातात प्रायमर झाकायचा मोह आवरा. १० ते १५ मिनिटांनी दुसरा तसाच. तिसरा मात्र ओला, म्हणजे पृष्ठभाग चमकताना दिसला पाहिजे. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. बॉडीवर बटण दाबलं की पहिली पिचकारी तिथेच बसते. हवेत दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरवर पांढुरकी झाक धरते. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ तिथे जमते. अशा दिवशी आतलं काम काढा, सीट रंगवा.

जी साल आली आहे ती फुकट गेली असं समजू नका. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) दिल्यानंतर निदान एक आठवडा वाळू द्या. नाक जवळ नेल्यावर रंगाचा वास येत असेल तर अजून वाळलेलं नाही. मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, त्यानंतर ३०००, शेवटी मऊ फडक्याने कंपाउंड (चमक आणणारी पॉलिशची पेस्ट). पेपर घासण्यापूर्वी मडगार्डच्या कडा आणि बॉनेटच्या उभारलेल्या रेषा यांवर मास्किंग टेप लावा. रंग तिथे आपोआप पातळ बसलेला असतो आणि चार घासांत खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं.

एनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या तैलरंगावर) लॅकर मारण्याची चूक मात्र दुरुस्त होत नाही. लॅकरचं सॉल्व्हंट आत शिरून एनॅमलचा थर फुगवतं आणि तो सुरकुततो. खाली लॅकर, वर एनॅमल हाच क्रम.

प्रश्न : गाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची काच सुपरग्लूने चिकटवली, सकाळी आतून पांढरी झाली.

उत्तर : सुपरग्लूची वाफ काचेवर जमून घट्ट होते. डाग हलका असेल तर प्लॅस्टिक पॉलिशने निघतो. काचेला पांढरा पीव्हीए गोंदच वापरावा. तो वाळला की पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो.

प्रश्न : दारांच्या फटींमध्ये काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरला तर गाडी चित्रातल्यासारखी दिसते, न भरावा तर दारं बॉडीत हरवतात.

उत्तर : काळा फक्त काळ्या किंवा फार गडद गाडीवर. पांढऱ्या गाडीला मध्यम राखाडी, लाल गाडीला गडद तपकिरी घ्या. दारं हरवतात त्याचं कारण वॉशच्या आधीचं आहे: प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून फट बुजते. रंगवण्याआधीच स्क्रायबरने (रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने) तीन-चार हलक्या ओढींत रेषा खोल करा. जोर लावलात तर हत्यार घसरून दारावर ओरखडा उठतो.

एनॅमल वॉश लॅकरच्या क्लिअर कोटवर द्या, उघड्या प्लॅस्टिकवर नको. विशेषतः स्क्रूने ताणलेल्या एबीएस प्लॅस्टिकच्या भागात वॉशमधला थिनर शिरला की भाग तडकतो.

प्रश्न : मडगार्डच्या वळणावर डेकल (पाण्यात भिजवून लावायचं पातळ चित्र) बसत नाही, सॉफ्टनर (डेकल मऊ करणारा द्रव) लावला तर सुरकुत्या पडल्या.

उत्तर : सुरकुत्या पडणारच, तेव्हा बोट लावू नका. मऊ झालेली फिल्म हात लागला की फाटते. अर्ध्या तासात ती बहुतेक वेळा आपली आपण ताणून बसते. बुडबुडा राहिला तर बारीक सुईने टोचून पुन्हा एक थेंब सॉफ्टनर. खालचा पृष्ठभाग चकचकीतच हवा, मॅट रंगावर हवा अडकून डेकलखाली चंदेरी चट्टे दिसतात. आणि वरून लॅकरचा क्लिअर मारताना पहिले दोन हात धुक्यासारखे, नाहीतर डेकल आकसते.

प्रश्न : इंजिनात स्पार्क प्लगच्या वायरी घालायच्या आहेत. किती जाड, किती?

उत्तर : खरी वायर साधारण ७ ते ८ मिलिमीटर. १/२४ च्या गाडीत ८ भागिले २४ म्हणजे ०.३३. म्हणून ०.३ मिलिमीटरची वायर घ्या. अर्ध्या मिलिमीटरची वायर म्हणजे खऱ्या गाडीत १२ मिलिमीटरची, इंजिनावर पाइप टाकल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग) असलेल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक आणि कॉइलकडे जाणारी एक, म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला नऊ. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर हातड्रिलने ०.४ ची भोकं पाडा, पण सुईने आधी खूण करा, गोल टोपीवर ड्रिलची टीप सरकते. वायर आधी डिस्ट्रिब्युटरमध्ये चिकटवा, वाकवून प्लगपर्यंत आणा आणि मगच कापा.