रोमन लिपीत ‘वाळवा’ दोन याद्यांमध्ये सारखाच दिसतो, मग जुळत का नाही?

तुमचा प्रश्न असा: सांगली जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं टिंबं आणि रेघा देऊन रोमन लिपीत लिहिलेल्या दोन याद्या पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत जुळवल्या. मिरज आणि जत जुळले. वाळवा, शिराळा, तासगाव, पलूस अडले. पडद्यावर दोन्हीकडे तेच दिसतं आणि फॉन्ट बदलूनही उपयोग झाला नाही.

फॉन्टचा इथे संबंधच नाही. तो फक्त चित्र काढतो. जुळणी होते ती आकड्यांची. ‘ळ’साठी वापरतो तो खाली टिंब असलेला एल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या प्रमाणात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. अखंड लिहिला तर १ई३७ हा एकच कोडपॉइंट, म्हणजे षोडशमानात लिहिलेला अक्षराचा आकडा; दशमानात ७७३५. सुटा लिहिला तर साधा एल (००६सी) आणि त्याच्या मागोमाग खाली बसणारं टिंब (०३२३). यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे आकडे फाइलमध्ये बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, पहिला साठतो ई१ बी८ बी७ असा, दुसरा ६सी सीसी ए३ असा. दोन्ही तीनच बाइट, पण एकही बाइट सारखा नाही. युनिकोड या दोन्हींना समतुल्य मानतं; पायथॉनची साधी तुलना मात्र ते बघत नाही. रेघवाल्या दीर्घ ‘आ’चंही तेच: ०१०१, किंवा ए आणि ०३०४. मिरज, जत यांत टिंब नाही की रेघ नाही, म्हणून ते सुटले.

खात्री एक्सेलमध्ये करा. वाळव्याच्या सेलवर लेन हे लांबी मोजणारं फंक्शन लावा: अखंड असेल तर ५, सुटा असेल तर ८. मिडने तिसरं अक्षर काढून त्यावर युनिकोड फंक्शन चालवलं की अखंड यादीत ७७३५ येईल आणि सुट्या यादीत ७७२, म्हणजे ‘आ’वरची रेघ.

उपाय एका ओळीचा आहे. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन ‘एनएफसी’ (सुटे भाग जोडून अखंड अक्षर करणारा प्रकार) देऊन दोन्ही याद्यांवर चालवा आणि मगच तुलना करा. एकाच यादीवर चालवून थांबू नका. दुसरी मिश्र असली तर काही नावं पुन्हा अडतील.

नवीन नोंदी वर्डमध्ये करत असाल तर १ई३७ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबलं की अक्षर येतं. वाळवा, शिराळा असे नीट होतात, पण ‘हळद’ फसते. तिथे आधीचं अक्षर साधा ए आहे, आणि ए हा षोडशमान अंकही आहे, त्यामुळे वर्ड ए१ई३७ असा पाच अंकी कोड वाचतो आणि भलतंच काही उमटतं. म्हणून फक्त शेवटची चार चिन्हं सिलेक्ट करा, मग ऑल्ट-एक्स.

फाइल जतन करताना एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत टिंबवाल्या एलच्या जागी प्रश्नचिन्ह आलं तर मूळ अक्षर गेलं, ते त्या फाइलमधून परत मिळत नाही. त्याउलट तिरकी रेघ असलेला ए, एक शेपूट आणि मधोमध ठिपका असं त्रिकूट दिसलं तर घाबरू नका. तेच ई१ बी८ बी७ विंडोज-१२५२ (विंडोजची जुनी, एका बाइटला एक अक्षर मानणारी पद्धत) समजून उघडले गेलेत. काही बदल न करता बंद करा आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. भारतीय लिप्या रोमनमध्ये लिहिण्याच्या आयएसओ १५९१९ या प्रमाणात टिंबवाला एल म्हणजे ‘ळ’, पण संस्कृतवाल्यांच्या आयएएसटी पद्धतीत तोच एल म्हणजे ‘ऌ’ हा स्वर. मराठी नावांसाठी आयएसओ घ्या. त्यात ‘क्लृप्ती’तल्या स्वराला एलखाली छोटं वर्तुळ येतं (०३२५). या जोडीसाठी युनिकोडमध्ये अखंड अक्षरच नाही, त्यामुळे एनएफसी केल्यावरही लेन तिथे ५ ऐवजी ६ दाखवेल, आणि ते बरोबर आहे.